साडूभाऊंची शक्यता

कुठलीही गोष्ट सरळ मान्य न करणारा माणूस पाहायचा असेल, तर औंढ्याला माझ्या साडूभाऊंच्या दुकानात जावं. दुकान पाण्याच्या मोटारींचं; पण तिथं गिऱ्हाइकाला मालाआधी कोडं मिळतं. वॉशर मागायला आलेल्या एका शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, "एका घरात दोन लेकरं हायेत. त्यात एक तरी पोरगी हाय. दोन्ही पोरीच असायची शक्यता किती?" तो वैतागून म्हणाला, "मालक, ज्याची लेकरं हायेत त्यालाच विचारा ना! तिकडं माझं पाणी वाहून राहिलं."

संध्याकाळी आम्ही मित्र तिथं जमतो. साडूभाऊ तीन कप पालथे घालतात, एकाखाली पेढा. आपण एक कप निवडला, की उरलेल्यांतला एक रिकामा कप उचलून दाखवतात आणि विचारतात, "बदलता का?" बदलणाऱ्याला पेढा मिळायची शक्यता दुप्पट, हे ते घसा कोरडा होईपर्यंत समजावतात. तांड्यावरचा आमचा एक मित्र मात्र कधीच बदलत नाही. "एकदा धरला तो धरला," म्हणतो. एके दिवशी पेढा नेमका त्याच्याच कपाखाली निघाला आणि त्यानं तो तिथल्या तिथं तोंडात टाकला. साडूभाऊ कळवळून ओरडले, "अरे, जिंकलास, पण चुकलास!"

त्याच मित्राच्या पोरीच्या लग्नात तर कहर झाला. तेवीस माणसं जमली, की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, हे सिद्ध करायला साडूभाऊ मांडवात म्हाताऱ्यांच्या पंगतीत शिरले. पहिला म्हणाला, "एक जून." दुसरा म्हणाला, "एक जून." तिसराही एक जूनच. "काहून हो, समद्यायचा एकच?" साडूभाऊंचा चेहरा पडला. एक आजोबा वरण ओरपत म्हणाले, "शाळेत नाव घालताना गुरुजीनं आमाला समद्यायला एकाच दिवशी जन्माला घातलं!"

गेल्या वर्षी साडूभाऊंच्या बायकोचं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचं, ताईंचं, नांदेडला हृदयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर धीर देत म्हणाले, "काळजी करू नका, शंभरातले पंचाण्णव ठणठणीत होतात." आम्हाला हायसं वाटलं. ऑपरेशनच्या दिवशी ताईंना आत नेल्यावर साडूभाऊ आणि मी बाहेर बाकावर बसलो. त्यांचं मन रमावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना एक कोडं घातलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"आज नगं, साडूभाऊ. माझ्याजवळ शंभर बायका न्हाईत. एकच हाय."

ऑपरेशन नीट झालं. ताई घरी आल्यावर आम्ही मित्र भेटायला गेलो. ताई उशीला टेकून बसल्या होत्या, साडूभाऊ शेजारी डाळिंब सोलत होते. आम्ही सवयीनं कोड्याची वाट पाहत राहिलो. ते मात्र एकेक दाणा वाटीत टाकत होते आणि मधूनच ताईंकडे बघत होते. चहा झाला, बाहेर दिवे लागले. कोडं काही आलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.