साडेचार ओळींचा शेवट

माझ्या नवऱ्याच्या आत्याने आजवर जेवढे खून पचवले आहेत, तेवढे डहाणू तालुक्यातल्या एकाही फौजदाराने नुसते ऐकलेसुद्धा नसतील; आणि तिने जेवढी लग्नं डोळ्यांदेखत लावून दिली आहेत, तेवढी लावायला एखाद्या भटजीला सात जन्म पुरायचे नाहीत. हे सगळं अर्थात पुस्तकांतून. प्रत्यक्षात आत्या झुरळालाही वाट करून देते आणि स्वतःचं लग्न तर तिने केलंच नाही. पंचाहत्तरीला टेकली आहे, उंची पाच फुटांच्या आत, आवाज मात्र वाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईल असा. डहाणूची आमची चिकूची वाडी ती एकहाती सांभाळते, आणि उरलेल्या वेळात प्रेमकथा आणि रहस्यकथा वाचते. खरं तर वाडीच उरलेल्या वेळात सांभाळते असं म्हटलं पाहिजे.

मी लग्न होऊन पुण्याहून इथे आले, त्या दिवशी बाकीच्यांनी मला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, अशी नेहमीची चौकशी केली. आत्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "शेवटचं पान आधी वाचतेस का?" मी खरं ते सांगितलं, की कधीकधी राहवत नाही. आत्या तशीच माझ्या नवऱ्याकडे गेली आणि म्हणाली, "मुलगी चांगली आहे रे, पण हिच्यापासून काही लपवून ठेवायचं असेल तर कुलूप लाव." या गोष्टीला सतरा वर्षं झाली. अजूनही ती नवं पुस्तक आणलं की माझ्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवते.

तिचे नियम फार. एक प्रेमकथा झाली की एक रहस्यकथा, त्यात बदल नाही. लागोपाठ दोन खून झाले तर तिला म्हणे आम्लपित्त होतं. रहस्यकथा निम्मी झाली की पुस्तक मिटायचं, गुन्हेगार कोण ते चिठ्ठीवर लिहायचं, आणि ती चिठ्ठी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकून वर दादरा बांधायचा. पुस्तक संपल्यावर बरणी उघडते आणि निकाल लागतो. मध्यंतरी एका दंतवैद्याने तिची दाढ काढताना "अजिबात दुखणार नाही" असं सांगितलं होतं. त्यानंतर ओळीने नऊ पुस्तकांत तिने डॉक्टरलाच गुन्हेगार ठरवलं. त्यातल्या तीन पुस्तकांत डॉक्टर नव्हताच. पण चिठ्ठी चुकली म्हणून आत्या कधी लेखकावर चिडली नाही. "गुन्हेगार कळला की राग येता कामा नये, लाज वाटली पाहिजे," असं तिचं म्हणणं. "तो पहिल्या प्रकरणापासून आपल्यासमोर चहा पीत बसलेला असतो, आणि आपण कपबशीची नक्षी बघत असतो. अशी लाज वाटली तर पुस्तक चांगलं."

प्रेमकथेसाठी मात्र चिठ्ठी नाही. मी एकदा तिला डिवचलं, की दोघांचं जमणार हे पहिल्या पानावर कळतं, मग चारशे पानं वाचायची कशाला? आत्या तेव्हा तांदळाच्या डब्यात पिकायला ठेवलेले चिकू चाचपत होती. म्हणाली, "हे पिकणार हे तुला ठाऊक आहे ना? मग रोज येताजाता डब्यात हात घालून दाबून का बघतेस?" दुसऱ्या दिवशीही मी येताजाता डब्यात हात घातलाच.

आणखी एक खोड सांगितली पाहिजे. दर गुरुवारी आत्या पुस्तक बदलायला डहाणू रोडला जाते. वाचनालयातून निघाली की सरळ घरी यायचं सोडून स्टेशनवर जाते, फलाट तिकीट काढते आणि दोन नंबरच्या अगदी टोकाच्या बाकावर वाचत बसते. घरी एवढी गर्द सावली टाकून ही बाई भर दुपारी तापलेल्या पत्र्याखाली का बसते, हा आमच्या घरातला चेष्टेचा कायमचा विषय. वलसाडकडची गाडी आली की ती पुस्तकात बोट ठेवते, उतरणाऱ्या प्रत्येकाकडे नीट बघते, आणि गाडी गेली की उठते. विचारलं तर म्हणायची, "माणसं बघते. खरा गुन्हेगार कधी घाईने उतरत नाही." आम्ही तिचं नाव फलाटावरची फौजदारीण ठेवलं होतं. नाव ठेवण्यात माझाच पुढाकार होता.

पण आत्याचा खरा दरबार भरतो तो दुपारी, चिकू निवडण्याच्या शेडमध्ये. गंजाडकडून सात-आठ बायका कामाला येतात. चिकू धुवायचे, लहान-मोठे वेगळे करायचे, खोक्यांत भरायचे. हात कामात असतात आणि कान मोकळे असतात. आत्या सकाळी एक प्रकरण वाचते आणि दुपारी त्यांना सांगते. वाचनात त्यांच्यापुढे पळायचं नाही, हा आणखी एक नियम. पुढचं तिलाही ठाऊक नसतं, त्यामुळे सगळ्याजणी सारख्याच ताटकळलेल्या. शिवाय पुस्तकात नाही ते पदरचं घालून सांगायचं नाही, यावर तिचा कटाक्ष. या श्रोत्यांमध्ये मुख्य जयवंती. पन्नाशीची, हाताने चपळ, आणि परीक्षक म्हणून अत्यंत कडक. एका कादंबरीतला नायक तीन प्रकरणं तापाने अंथरुणावर होता, तेव्हा जयवंतीने विचारलं होतं, "बाय, याचा काम कोण करतं मंग?" आत्याने पुस्तक चाळून पाहिलं. लेखकाने ते दिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून तो नायक शेडच्या मनातून उतरला.

गेल्या मोसमात आत्याने माळ्यावरच्या पेटीतून एक जुनी प्रेमकथा काढली. पाचगणीची सुनंदा आणि तिच्यावर रुसून निघून गेलेला अविनाश. बायका इतक्या रंगल्या की चिकूची वर्गवारी चुकायला लागली. आणि शेवटच्या प्रकरणात सुनंदा बंगल्याच्या फाटकाशी उभी असताना मागे पावलं वाजली, 'ती वळून पाहते तो' — आणि पुढची पानंच नव्हती. वाळवीने मागच्या बाजूने खायला सुरुवात केली होती.

आत्या त्या दिवशी जेवली नाही. "अर्धी गोष्ट सांगून माणसाला घरी पाठवायचं, हे काही बरं नाही," एवढंच म्हणत राहिली. बायकांना तिने शब्द दिला, की मोसम संपायच्या आत शेवट आणीन. मी सुचवलं, की जमतं त्यांचं, तेवढं सांगून टाका. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी शेवटचं पान आधी वाचणारी आहे हे मला पुन्हा आठवलं. मग शोध सुरू झाला. वाचनालयातली प्रत कधीच गहाळ झालेली. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या यात्रेत बांगड्यांच्या आणि पाळण्यांच्या गर्दीत एक जुन्या पुस्तकांचा विक्रेता बसतो, त्याचा ढीग तिने तळापर्यंत उपसला. डहाणू रोडचा रद्दीवाला तिला समजावत म्हणाला, "मासी, चोपडी जुनी थाय ने, तो छेल्लां पानां पेलां जाय." पुस्तक जुनं झालं की शेवटची पानं आधी जातात. आत्याने घरी आल्यावर हे वाक्य मला दोनदा सांगितलं. पुस्तकासाठी एवढं काय लावून घ्यायचं, असं मला तेव्हा वाटलं.

अखेर मी शिकवते त्या शाळेतल्या एका सहशिक्षिकेच्या वडिलांकडे, तलासरीच्या एका निवृत्त गुरुजींकडे, ती कादंबरी निघाली. माझ्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर गुरुजींसाठी चिकूचं खोकं घेऊन, आत्या महामार्गावरून तलासरीला गेली. येताना खोक्याच्या जागी पुस्तक होतं. वाटेत आम्ही चहाला थांबलो, तेव्हा मी म्हटलं, "आत्या, शेवटचं पान तेवढं बघूया." तिने पिशवीचं तोंड मुठीत घट्ट धरलं. "बायका थांबल्यात तिकडे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कुणी चिकूला हात लावला नाही. मीही मुद्दाम रजा काढली होती. आत्याने चष्मा पुसला आणि वाचलं: "ती वळून पाहते तो अविनाश! त्याचे डोळे पाणावले होते. गैरसमजाचे ढग विरले. पुढच्याच महिन्यात शुभमुहूर्तावर उभयतांचा विवाह थाटात पार पडला, आणि सर्वांना आनंद झाला." साडेचार ओळी. नंतरच्या पानांवर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी आणि केशतेलाची जाहिरात.

"झाला?" जयवंतीने विचारलं.

"झालं," आत्या म्हणाली.

"लगीन झाला, त्याचा काय मोठा? माझा लगीन मागच्या साली पोराच्याच मांडवात झाला. तवर का मी नांदत नव्हते?" बाकीच्या हसल्या. त्यांच्याकडे संसार आधी थाटला आणि लग्न जमेल तेव्हा केलं, यात कुणाला काही वाटत नाही. मुलाच्या लग्नाआधी आईबापाचं उरकायचं, एवढंच. त्या लग्नाला आत्या साडी घेऊन गेली होती. जयवंतीने पुढे विचारलं, "आन् बाय, तो आलाच नसता तं? मंग काय केला असता तिना?"

आत्याने पुस्तक मिटून खोक्यावर पालथं ठेवलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "मग ऐका."

सुनंदा म्हणे घरात कुणाला न सांगता निघाली. पिशवीत दोन साड्या आणि पिकलेले बारा चिकू. दुपारच्या गाडीने तो येणार होता, फलाटावर उतरून तिला हाक मारणार होता, आणि तिने त्याच्याबरोबर त्याच गाडीत चढून पुढे जायचं, असं ठरलं होतं. ती स्टेशनवर अगदी टोकाच्या बाकावर बसली, म्हणजे ओळखीचं कुणी बघणार नाही. गाडी आली. भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बायका उतरल्या, एक म्हातारा उतरला, तो उतरला नाही. तिला वाटलं, पुढच्या गाडीने येईल. ती गाडीही गेली. मग ती चालत घरी आली.

"चिकू?" एकीने विचारलं.

"वाटेत पोरांना वाटले."

"का नाही आला तो?"

"ते पुस्तकात दिलेलं नाही."

"मंग रडली असंल."

"एक दिवस. दुसऱ्या दिवशी झाडावरचे चिकू उतरवायचे होते." आत्याने समोरचा एक चिकू उचलून त्याची माती अंगठ्याने पुसली. "पुढे स्थळं आली. तिने नको म्हटलं. कुणावर राग होता म्हणून नाही. तिला वाडी आवडायला लागली होती. दिवस चांगले गेले तिचे."

पाचगणीला रेल्वे नाही, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पाचगणीला चिकूची वाडी नाही, आणि पुस्तकात नाही ते आत्या कधी सांगत नाही. मग मला दोन नंबरचा फलाट आठवला, टोकाचा बाक आठवला, पुस्तकात ठेवलेलं बोट आठवलं. सतरा वर्षं हे सगळं माझ्यासमोर होतं आणि मी त्याला नाव ठेवून हसत होते. दुसऱ्यांची शेवटची पानं चोरून वाचणाऱ्या मला तिच्याबद्दल बरणीत टाकायला एक चिठ्ठीसुद्धा सुचली नव्हती. मला लाज वाटली, अगदी ती म्हणते तशी.

जयवंती मान हलवत होती. "ही गोष्ट बराबर हाय," ती म्हणाली. "तो नाही आला, तरी ती राहिली." मग हळूच तिने विचारलं, "अजून बघते का वाट?"

"वाट नाही बघत," आत्या म्हणाली. "बघायची सवय राहिली आहे."

जयवंतीने चिकूची टोपली तिच्याकडे सरकवली आणि सगळ्याजणी कामाला लागल्या.

त्या गुरुवारी मी आत्याला म्हटलं, मलाही पुस्तक बदलायचं आहे. तिने काही विचारलं नाही. वाचनालयातून आम्ही फलाटावर गेलो आणि त्या बाकावर बसलो. तिच्या हातात रहस्यकथा होती, नुकतीच बदलून आणलेली. वलसाडकडची गाडी आली. मी बाजूला पाहिलं, तर आत्याने पुस्तकात बोट ठेवलं नव्हतं, मानही वर केली नव्हती. ती वाचतच होती. मीच आपली पायाच्या बोटांवर उभी राहून प्रत्येक डब्यातून उतरणारा प्रत्येक माणूस बघत होते, विशेषतः म्हातारे.

गाडी सुटली. आत्याने पुस्तकातून डोळे न काढता विचारलं, "कोण कोण उतरलं?"

"दोन भाजीवाल्या," मी म्हटलं. "आणि एक बाई, कडेवर मूल घेतलेली."

"बरं," आत्या म्हणाली, आणि तिने पान उलटलं.