वडिलांकडून आलेलं

इंदापूरच्या रस्त्यावर मी तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तीनदा विचारलं, "बोलणार ना तुम्ही?" तिन्ही वेळा ते काच खाली करून उसाकडे बघत बसले. माझा जीव गाडीच्या पुढं पळत होता.

मागच्या वर्षी माझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, बरी झाले, बारामतीच्या कॉलेजात पुन्हा जीवशास्त्र शिकवायला लागले. मग तपासणीत एक जनुक सदोष निघालं. नातेवाइकांनी लगेच आईच्या माहेराकडे बोट दाखवलं. बाईचं दुखणं, बाईकडूनच येणार! आई बिचारी निमूट ऐकत राहिली. माझं डोकंच फिरलं. आई आणि तात्या, दोघांचंही रक्त तपासायला दिलं. दोष तात्यांकडे निघाला.

तात्या वालचंदनगरला फिटर होते. म्हणाले, "नीट सांग, काय मोडतंय?"

मी सांगितलं, पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे कधीकधी एकदम तुटतात. पण दुभंगायच्या आधी पेशीनं डीएनएची जुळी प्रत काढलेली असते. ती धड प्रत शेजारी धरून तुटल्या जागचा मजकूर अक्षरन् अक्षर उतरवून घेते.

"म्हंजे मोडक्या गिअरचं दात जोडीचा नग बघून पाडायचं."

"तेच. आपलं हे जनुक दुरुस्तीची प्रथिनं तुटल्या जागी नेऊन बसवतं. ते प्रत्येकाला आईकडून एक नि बापाकडून एक असं मिळतं; त्या दोनांतलं एक आपल्यात जन्मापासूनच बिघडलेलं. एखाद्या पेशीत दुसरंही बिघडलं, की ती पेशी नुसती टोकाला टोक चिकटवते. मधली अक्षरं गळतात. होता होता कधीतरी गाठ."

"धड नग शेजारी असून?"

"असून."

त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यांच्या धाकट्या बहिणीला, माझ्या आत्याला, हे कळायलाच हवं होतं. तिच्यात दोष असण्याची शक्यता निम्मी; असला तर तिच्या लेकीत पुन्हा निम्मी. आणि लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं. तात्यांना धास्ती, सोयरीक मोडली तर? मला वाटे, गेली खड्ड्यात सोयरीक.

इंदापूरला पोचल्यावर आत्यानं पोहे केले. तात्या ऊस, पाऊस, कारखाना सगळं बोलले. मी पायानं फरशी ठोकत होते. शेवटी ते एकदम म्हणाले, "माझ्या रक्तात खोट हाय. पोरीला माझ्यामुळं झालं. तुझ्यातबी असंल."

आत्यानं हातातली बशी खाली ठेवली.

"दादा, आईला हुती गाठ. छातीत. मी शाळंत हुते, तिला न्हाऊ घालायची. तुमाला सांगू नको म्हणून शपथ घातली तिनं."

आजी पोटाच्या दुखण्यानं गेली, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. मला आत्याचा भयंकर राग आला. "तू बोलली असतीस तर मी आधीच तपासून घेतलं असतं," मी म्हणाले. तात्यांनी माझा हात दाबला, तरी म्हणालेच.

आत्या उठली. उंबऱ्याशी बसलेल्या आपल्या सासूसमोरूनच आतल्या खोलीच्या दारात गेली आणि लेकीला मोठ्यानं हाक मारली. "हिकडं ये. ताई काय सांगती ते ऐक. आता झाकायचं न्हाय काय."

आतेबहीण लग्नातल्या साड्यांच्या घड्या तशाच टाकून धावत आली. माझं तोंड बघून तिचा चेहरा उतरला. शेजारी बसून तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ताई, तुला परत झालं का गं?"

"न्हाय गं," मी म्हणाले, "तुझ्याबद्दल बोलायचंय."