अंगठ्याचं गणित

नात चाकणहून ड्यूटी करून आली की तिच्या युनिफॉर्मला मशीनच्या कूलंटचा वास येतो, आणि मला आमच्या कंपनीतल्या तपासणीच्या टेबलावरची ती दुपार आठवते. माणूस निर्णय कसा घेतो याचं गणित मांडणारी एक संशोधक मुलगी आली होती. पडद्यावर पार्टचा फोटो दिसला की 'ओके' किंवा 'रिजेक्ट'चं बटण दाबायचं. मी तेव्हा टेम्पररी. मला वाटलं, ही कायम करण्याची परीक्षा, आणि कंपनीत परीक्षा म्हणजे स्पीड! धडाधड बटणं दाबून मी शहाणी सगळ्यांच्या आधी उठले, वर ऐटीत पदर झटकला. ती म्हणाली, "ताई, तुमची उत्तरं छापा-काटा केल्यासारखी आलीत." सुपरवायझर हसला, "आणि म्हणे हिला कायम करा!" तोंड उतरलं माझं, पण जीभ कुठली गप्प बसतेय! "फोटोवरून कडेची खरखर कशी कळणार, बाई? पार्ट हातात द्या." डोळे मिटून प्रत्येकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि खराब पार्ट वेगळे काढले, एकही सुटला नाही. तिने तिथेच वही उघडून गणितात स्पर्शासाठी एक नवं अक्षर वाढवलं, आणि पुढच्या महिन्यात मी कायम झाले. आता नात कॅमेऱ्याने पार्ट तपासते. "कॅमेरा गोंधळला की मी अंगठा फिरवते, आजी," असं ती परवा म्हणाली, आणि मी तिच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली.