पट्ट्यावरचा अंगठा

२०१५ साल. मी चोपन्न वर्षांचा होतो. टोनरच्या धंद्यातला माणूस पांढराशुभ्र शर्ट घालून येतो, हे मी त्या साली पहिल्यांदा पाहिलं. महाप्याला नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत मी शिपाई होतो. तिथं रंगीत कॉपीचं मोठं मशीन नवीन आलं होतं, आणि ते बिघडलं की हा यायचा. टोनर म्हणजे रंगाची भुकटी. उडाली तर नाकातून दोन दिवस काळं येतं. हा कोपरापर्यंत हात घालायचा आणि जाताना शर्ट आल्यासारखाच. सगळे त्याला इंजिनियर म्हणत. मी मास्तर म्हणायचो.

माझी शाळा तिसरीपर्यंत. साताऱ्याकडून आलो ते मार्केटात गोण्या उचलायला. पाठ गेली तेव्हा कुणीतरी या ऑफिसात चिकटवलं. पाणी द्या, फाइल न्या, एवढंच काम होतं. मशीन आल्यावर साहेबांनी त्या खोलीची किल्ली माझ्याकडे दिली आणि कॉप्या काढायचं काम मला लागलं. गावी सांगताना मी शिपाई म्हणायचं सोडलं. मशीनवर असतो, असं सांगू लागलो.

मास्तरला "खराब येतंय" हा शब्द चालत नसे. फोनवरच विचारायचा, "आडवं खराब की उभं खराब?" समोरचा गप्प झाला की म्हणायचा, "मग आधी बघा, मग फोन करा." आल्यावर चहा नाही, पाणी नाही. आधी कोरा कागद काढायला लावायचा. कोऱ्यावर डाग आला तर गुन्हा मशीनचा, नाही आला तर वरच्या काचेचा किंवा तुम्ही ठेवलेल्या कागदाचा. मग डागाडागातलं अंतर बोटं ठेवून बघायचा. चार बोटांवर परत डाग म्हणजे हा रोलर, वीतभर अंतर म्हणजे तो ड्रम. एकदा मी पण बोटं ठेवून सांगितलं. म्हणाला, "तात्या, तुमची बोटं हमालाची. माझी धरा." आणि हसला. मला राग आला, पण त्या दिवसापासून त्यानं मला मशीनची दारं उघडायला शिकवलं. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नसे.

चार रंगांचे चार कागद वेगवेगळे काढायचे, ही त्याचीच शिकवण. निळा, पिवळा, काळा आणि राणी. चौथ्याला काहीतरी इंग्रजी नाव आहे. मी राणी कलर म्हणालो, तर तोही तेच म्हणायला लागला. डाग एकाच रंगात असेल तर त्या रंगाच्या ड्रमला धरा. चौघांतही त्याच जागी असेल तर रंग बिचारे निर्दोष. मग आतला पट्टा बघा. चारही रंग त्या काळ्या चकचकीत पट्ट्यावर उतरतात आणि तिथून कागदावर जातात.

मास्तरच्या जिभेला हाड नव्हतं. अकाउंटच्या मॅडमनी व्हाइटनर लावून ओलाच कागद मशीनमध्ये घातला आणि प्रत्येक कॉपीवर उभी रेघ यायला लागली. यानं बाजूची चिंचोळी काच नखानं खरवडली, पांढरा कपचा बोटावर घेऊन त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाला, "चूक निदान वाळू तरी द्यायची, मॅडम." त्या महिनाभर बोलल्या नाहीत त्याच्याशी. मला असा माणूस आवडायचा. कुणाच्या बापाला भीत नाही, असं वाटायचं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑफिसात मशीनची पूजा झाली. मी हार घातला, वर हळद-कुंकू वाहिलं. साहेब म्हणाले, खरं काम आत होतं, कुंकू आत नको का? त्यांनी बाजूचं दार उघडलं आणि तेल-कुंकवाचा अंगठा सरळ पट्ट्यावर टेकवला. मी म्हटलं, साहेब, तिथं हात लावत नाहीत. ते म्हणाले, देवाला चालतं.

सुट्टीनंतर मोठ्या गिऱ्हाईकाचं नकाशांचं पुस्तक छापलं. मधे मधे एका पानावर ठराविक जागी अंगठ्याएवढं पांढरं, कडेला लालसर. सगळा गठ्ठा परत आला. मास्तरला बोलावलं. चार रंगांचे चार कागद काढले, चौघांत डाग. दार उघडलं, वाकला, बोट फिरवून वास घेतला. "कुंकू," म्हणाला. काय झालं ते मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली.

तेवढ्यात साहेब आले. कुणाचं काम हे, म्हणून विचारलं. त्याच महिन्यात मास्तरचं वर्षाचं काँट्रॅक्ट परत ठरायचं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बोट फडक्याला पुसत म्हणाला, "ऑपरेटरचा अंगठा लागलाय, साहेब. तंबाखूचा हात असेल."

मी जन्मात तंबाखू खाल्ली नाही. पण ते राहू द्या. मी म्हटलं, "साहेब, मी तिसरी शिकलोय, पण पगाराला सही करतो. अंगठा तुमचा आहे."

साहेबांनी किल्ली मागून घेतली आणि उद्यापासून गेटवर बसायला सांगितलं.

मास्तर खाली टपरीवर थांबला होता. मी चहा घेतला नाही. तो म्हणाला, "तात्या, साहेबाचा अंगठा मी पट्ट्यावरून काढू शकतो, तोंडानं नाही काढू शकत. तुम्हाला बसून पगार आहे. माझी दोन पोरं आहेत." मला तीन होती. आहेत की नाहीत ते त्यानं विचारलं नाही.

गेल्या वर्षी तो वारला. नावड्याला राहायचा. तेराव्याला गेलो, फोटोत पण पांढराच शर्ट. त्याच्या बायकोनं ओळखलं, म्हणाली, ते नेहमी तुमचं नाव काढायचे, ऑफिसात एकच माणूस बघायला शिकला म्हणायचे. मी जेवलो नाही तिथं. पण अजून झेरॉक्सच्या दुकानात गेलो की रेघ आली तर मी मुलाला विचारतो, आडवी की उभी. त्याचा राग आहे तो आहे, पण डोळे त्याचेच.

किल्ली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर बसलो. दहाच्या सुमारास मास्तर नवीन पट्ट्याचा लांब खोका घेऊन आला आणि ओळखीचं हसून आत निघाला. मी हात आडवा घातला. "नाव काय? कुणाकडे काम आहे?" तो म्हणाला, तात्या, मी आहे. मी वही पुढे केली, पूर्ण नाव लिहायला लावलं, सही करायला लावली, खोका उघडायला लावला. मग वर साहेबांना फोन लावून विचारलं, मशीनवाला कुणीतरी आलाय, सोडू का.