काकूंची विश्वकर्मा पूजा

आमच्या शेजारच्या काकू साठीनंतर खोटं बोलायला शिकल्या आणि भल्याभल्यांना मागे टाकलं. त्याआधी त्या इतकं खरं बोलायच्या की पिपलानीच्या आमच्या गल्लीत नवी साडी नेसून त्यांच्यासमोर जायची कुणाची छाती नव्हती.

त्यांचे यजमान, नाना, कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. पुढे त्यांना विस्मरणाचा आजार जडला आणि काकू त्यांना परक्या वाटू लागल्या. नाना मुलखाचे लाजाळू. परक्या बाईसमोर सदरा काढणार कसे? अंघोळ म्हटली की बाथरूममध्ये शिरून आतून कडी लावायचे आणि कोरडेच बसायचे. काकूंनी कडीच उपटून टाकली, तरी सदरा काही निघेना. त्यात नानांच्या कमरेला जखमा होत होत्या, आणि अंग स्वच्छ राहिलं नाही तर त्या चिघळतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

वर्षातून एकदा येणाऱ्या विश्वकर्मा पूजेला कारखान्यात मशिनी बंद ठेवून त्यांची पूजा व्हायची आणि नाना त्या दिवशी पारोसे कधीच जायचे नाहीत. काकूंनी हे बरोबर हेरलं आणि अंघोळ घालायची असली की त्या दिवशी पूजा आहे असं ठोकून देऊ लागल्या. "आज पूजा आहे, नारळ तुम्हीच फोडायचाय," म्हटलं की नाना मुकाट्याने प्लास्टिकच्या स्टुलावर बसत. खांद्यांवरून मोठा टॉवेल पांघरायचा, आधी पायांवर पाणी, मग टॉवेलच्या आतून साबण. अंघोळ व्हायची आणि लाजही राहायची.

पूजा म्हटली की प्रसाद आलाच. हलवाई हसायचा, "आंटीजी, आज फिर पूजा? भगवान भी थक गए होंगे!"

"तू बूंदी तौल. भगवान को मैं समझा दूँगी."

"काकू, पाप लागेल हो," मी चिडवायची.

"लागू दे. साबणाने निघतं का बघते."

एकदा स्टुलावर बसल्या बसल्या नाना म्हणाले, "बाई, तुम्ही भल्या आहात. पण आमच्या मंडळींना कळलं तर?"

"त्यांना विचारूनच आलेय," काकू म्हणाल्या. मला हे सांगताना त्या पोट धरून हसत होत्या. मला मात्र हसता येईना.

गेल्या थंडीत नाना झोपेतच गेले. शेवटची अंघोळ घालायला गल्लीतले पुरुष जमले, कुणीतरी सदऱ्याची बटणं काढायला घेतली. काकू ताडकन उठल्या.

"सगळे बाहेर व्हा. त्यांना परक्यांसमोर लाज वाटते."

कुणी हलेना.

"मी बायको आहे त्यांची," काकू म्हणाल्या.

नानांना इतकी वर्षं न पटलेली ती गोष्ट आम्हाला लगेच पटली. आम्ही बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.