कडेचे आकडे

जन्मभर लोकांना "हलू नका" म्हणून दटावणाऱ्या फोटोग्राफरला गावाने 'हलूनका' हेच नाव पाडलं, यात नवल ते काय! त्यांची बायको मात्र कधी कॅमेऱ्यासमोर आलीच नाही. फोटो काढायचे यांनी आणि आतल्या डार्करूममध्ये औषध कालवून फिल्म धुवायची तिने. डेव्हलपरला ती औषधच म्हणे. गावभराचे चेहरे जपणाऱ्या या माणसाकडे बायकोचा धड एक फोटो नव्हता. लग्नातल्या एकुलत्या एका फोटोत तिचे डोळे मिटलेले. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

स्टुडिओ बंद करायच्या दिवशी त्यांना हे उमगलं. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि रोलमधले छत्तीसच्या छत्तीस फोटो तिचेच काढले.

"एकात दिसते तेवढीच छत्तिसांत दिसणार," ती म्हणाली, पण पदर नीट करून बसली. रोल सावकाश धुऊ म्हणता म्हणता तिचं आजारपण आलं. ती जाऊन आता आठ महिने झाले होते.

मुलगी फोनवर सांगून थकली की बाबा, रोल कुठल्या तरी लॅबला द्या. पण हे हट्टाला पेटले होते. तिचा चेहरा आधी परक्या माणसाने पाहायचा, हे त्यांना सोसवत नव्हतं. शेवटी एका दुपारी त्यांनी तिची औषधाच्या कृतीची वही उघडली. औषध कालवायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती.

पाणी कोमट केलं, वजनं केली आणि घाईघाईत सल्फाइट आधी ओतलं. मग चित्र उमटवणारं मेटॉल टाकलं, तर ते काही केल्या विरघळेना. पांढरे कण नुसते तरंगत राहिले. मग त्यांनी वहीची खालची ओळ वाचली. 'मेटॉल आधी. सल्फाइट आधी घातलं की मेटॉल रुसतं.' ते स्वतःशीच हसले. डब्यात आता आणखी एकदाच पुरेल एवढं मेटॉल उरलं होतं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी एकेक जिन्नस तिच्या क्रमाने घातला, मागचा पुरता विरघळल्याशिवाय पुढच्याला हात लावला नाही. औषध पाण्यासारखं नितळ झालं. ते निवल्यावर अंधारात चाचपडत रोल धुवायच्या टाकीत भरला आणि वर औषध ओतलं. दर मिनिटाला टाकी उलटी करायची, हळूच आपटायची. ती हे करताना मोठ्याने आकडे मोजायची आणि बाहेर बसून यांना वैताग यायचा. आज नऊ मिनिटं त्यांनी मोठ्याने मोजली. खोलीत दुसरा आवाज नव्हता.

चित्र पक्कं करणाऱ्या हायपोतून काढून फिल्म उजेडात धरली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी होती.

सवयीने तोंडात आलंच, "औषध बिघड..."

पुढचं गिळावं लागलं. फिल्मच्या कडेला कारखान्यातून येणारे आकडे ठसठशीत उमटले होते. एक, दोन, तीन, सगळे काळेभोर. औषध बिघडलं असतं तर तेही उमटले नसते. औषध उत्तम होतं. फिल्मच कॅमेऱ्यात चाकावर पकडली गेली नव्हती, आणि छत्तीस वेळा बटण दाबूनही ती जागची हलली नव्हती. रोल परत गुंडाळताना किल्ली हलकी फिरली होती, हेही आता आठवलं.

असे कोरे रोल पूर्वीही निघाले होते. दर वेळी त्यांनी गिऱ्हाइकासमोर आतल्या खोलीकडे बोट दाखवलं होतं, की आमच्या बाईंनी औषध बिघडवलं. ती वाद घालत नसे. फिल्म वाळत घालताना एवढंच म्हणायची, "कडेचे आकडे बघा एकदा." त्यांना ते तेव्हाही दिसत होते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

फिल्म त्यांनी तिच्याच चिमट्याला टांगली, खाली वजन म्हणून दुसरा चिमटा लावला. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, आई आली का नीट?"

"नाही आली," ते म्हणाले. "औषध चांगलं होतं. रोल मी नीट लावला नव्हता. चूक माझी."

मुलगी म्हणाली, असू द्या हो बाबा, होतं असं. फोन ठेवून त्यांनी डार्करूमच्या दाराकडे पाहिलं. ज्या माणसाला हे सांगायला हवं होतं, ते माणूस चाळीस वर्षं त्या दारापलीकडेच होतं.