सगळ्यांत मोठा गडी कोण?

मला बघायला आले तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी मला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही विचारलंच नाही. पोहे संपवले, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "पोरी, आजवर झाल्याल्या समद्या खेळाडूंत सगळ्यात मोठा गडी कोन?" आमच्या सांगलीच्या घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी शाळेत खो-खो खेळलेली, त्यामुळे बोलायला घाबरले नाही. म्हटलं, ज्याला दम लागत नाही तो. ते खूश झाले. असा गडी अजून जन्माला यायचाय, म्हणाले, पण पोरगी विचार करते. झालं, लग्न ठरलं.

सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत, मी मामंजी. घरची उसाची शेती थोरले दीर बघायचे. मामंजींचा खरा जीव कुस्तीच्या मैदानात. जत्रेला आखाड्यात जोड लावायचं काम त्यांचं. गावोगावचे पैलवान अंगाला माती लावून उभे राहायचे, मामंजी मधून हिंडायचे आणि कोण कुणाच्या तोडीचा आहे ते नुसतं बघून ठरवायचे. मग दोघांची मनगटं धरून मैदानाच्या मध्ये आणायचे आणि हात वर करायचे. एकदा हात वर झाले की कुस्ती ठरली, त्यावर कुणी ब्र काढायचा नाही. सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांतून त्यांना बोलावणं यायचं ते या नजरेपायी.

ही नजर त्यांना घरातही स्वस्थ बसू द्यायची नाही. पाव्हणा आला की रामराम करतानाच त्याचं मनगट चाचपायचे. संध्याकाळी पारावर बसले की तोच सवाल. रजेवर आलेले जवान हॉकीवाल्याचं नाव घ्यायचे, गुरुजी परदेशातल्या कुठल्या मुष्टियोद्ध्याचं, आणि कॉलेजात जाणारी पोरं कानाला ट्रान्झिस्टर लावून क्रिकेटवाल्याचं. मामंजी प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे आणि मग खोड काढायचे. हॉकीत अकरा जणांच्या घामातून एकाचा घाम निवडायचा कसा? मुष्टियुद्धात नाक फुटतं, पण पाठ कुठे टेकते? क्रिकेटवर तर त्यांचा विशेष राग. "खेळ सोडून मधीच च्या प्यायला जात्यात," म्हणायचे, "पैलवानाला आखाड्यात कोन च्या देतो?" पण हे नुसतं भांडण नव्हतं बरं का. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पळणाऱ्याची आणि कुस्ती करणाऱ्याची जोड लावायची तर कशावर लावायची, हे कोडं त्यांना जेवताना घास हातात धरून बसवायचं. मग मीच ओरडायची, मामंजी, भाकरी गार होतेय.

एकदा माझा भाऊ सांगलीहून आला. तो कॉलेजच्या टीममध्ये वेगात बोलिंग टाकायचा. मामंजींना एवढंच हवं होतं. त्यांनी त्याला पहाटे तालमीत नेऊन जोर-बैठका मारायला लावल्या. बिचारा दिवसभर जिना उतरताना कठडा धरत होता. मग न्याय म्हणून मामंजी स्वतः धोतर खोचून, हातात फळी घेऊन खळ्यात उभे राहिले. माझ्या भावाने म्हाताऱ्या माणसाला झेपेल असा हळू चेंडू टाकला, तरी तो नडगीवर बसला. "चेंडू दिसलाच न्हाई की रं," ते म्हणाले. सगळे हसले. मला हसू आलं नाही. तो चेंडू मलासुद्धा टोलवता आला असता.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. दिव्याभोवती कडी दिसतात म्हणायचे, ताटातलं मीठ चाचपून घ्यायचे. मोतीबिंदू असणार, मिरजेला दाखवू या, असं यजमानांनी आणि मी कितीदा सांगितलं, पण ते उसळायचे. डोळ्यांवर पट्टी बांधून आलेल्या माणसाला कोण जोड लावू देणार, एवढीच त्यांना भीती. ते काम गेलं असतं तर आमच्या घरात त्यांना करण्यासारखं दुसरं काही उरलं नसतं.

त्या वर्षीची जत्रा आली. उन्हं उतरली होती, हलगी वाजत होती, आणि मामंजींनी दोन तरण्याबांड पोरांची मनगटं धरून हात वर केले. दादू आणि तुका. दोघं आमच्याच गावच्या तालमीतले, एकाच वस्तादाचे. एका तालमीतली पोरं मैदानात एकमेकांशी लढत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाहेरगावच्यांना काय कळणार, पण आमचं गाव एकदम गप्प झालं. वस्ताद उठायला लागले तर दादूनं लांबूनच नको म्हणून मान हलवली. पोरं लढली. कुणी कुणाची पाठ टेकवली नाही, शेवटी बरोबरीत सोडवली.

मामंजी घरी आले ते हवेतच. लोकांचा श्वास अडकला होता, अशी जोड उभ्या जन्मात लागली नव्हती, हेच चार दिवस ज्याला त्याला सांगत होते. ऐकणारा मान डोलवायचा आणि काढता पाय घ्यायचा. घरात कुणी तोंड उघडेना. शेवटी मला राहवेना. त्यांना माणसं पाठीमागे हसतील, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. जेवण झाल्यावर सांगितलं, "मामंजी, ती दोघं आपली होती. दादू आणि तुका."

ते हात धुऊन ओट्यावर जाऊन बसले. सकाळी फेटा न बांधताच माझ्यापुढे येऊन उभे राहिले. म्हणाले, मिरजंला जाऊया.

मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांचं डोकं जखडून टाकलं होतं, डोळ्यांवर पट्टी. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोकायचं नाही, मान हलवायची नाही आणि काही झालं तरी रडायचं नाही. शेजारच्या खाटेवर एक सुभेदार होते, हॉकीचे वेडे, त्यांच्याही डोळ्यांवर पट्टी. मग काय, दोघांचा वाद सुरू. नर्स दटावून दटावून थकली. मला मात्र बरं वाटलं, म्हातारा पुन्हा आपल्या सवालावर आला.

तिसऱ्या प्रहरी दादू आणि तुका आले. मी सांगितलं कोण आलंय ते. मामंजींनी दोन्ही हात पुढे केले. पोरांनी आपली मनगटं त्यांच्या हातात दिली.

"बोलला का न्हाई रं?" मामंजींनी विचारलं. "मी आंधळ्यावानी धरलं, तुमी तरी सांगायचं."

दादू म्हणाला, "आण्णा, आमी न्हाई म्हनलं आसतं तर समदं मैदान तुमच्याकडं बघत बसलं आसतं. त्यापरीस लढल्यालं बरं."

मामंजींनी बराच वेळ ती मनगटं सोडली नाहीत. पोरं गेली. सुभेदारांना अर्धा राहिलेला वाद सोसेना. त्यांनी आपल्या खाटेवरून हाक मारली, हं, मग अण्णा, सांगा आता, सगळ्यांत मोठा गडी कोण?

"सुभेदार," मामंजी म्हणाले, "आज नगा इचारू. मला डोळं ओलं करायची मनाई हाय."